उशाशी बसलेला माणूस

महाभारताचं युद्ध ठरल्यावर दुर्योधन आणि अर्जुन एकाच दिवशी द्वारकेला पोचले. कृष्ण झोपलेला होता. दुर्योधन आधी आला, उशाशी आसन घेऊन बसला. अर्जुन मागून येऊन पायाशी हात जोडून उभा राहिला. जाग आल्यावर कृष्णाला आधी अर्जुन दिसला. कीर्तनकार यातून नम्रतेचा उपदेश काढतात, खुशाल काढोत. मी पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभा राहिलो तेव्हा मात्र मला दुर्योधनाची बाजू पटली. उशाशी बसलेला माणूस जागं होणाऱ्याला दिसतच नाही, त्यात त्याचा काय दोष? टेबलावर पोटाकडे, गुडघ्याकडे, पायाकडे सर्जन असतो. उशाशी भूलतज्ज्ञ.

पित्ताशय काढून दहा वर्षं झालेल्या माणसालाही सर्जनचं नाव, त्याचा हातगुण, बिलाचा आकडा असं सगळं आठवतं. भूल कोणी दिली होती विचारा. "होत्या कोणी बाई," नाहीतर "बाहेरून आले होते एक डॉक्टर." हे बाहेरून येणारे दिवसातून किती ठिकाणी 'बाहेरून' जातात, झोपतात कधी, आणि त्यांचं बरं चाललंय का, एवढंच या प्रकरणात बघायचं आहे.

मिरजेत दोन गोष्टींची दाटी: दवाखान्यांची आणि तंतुवाद्यं घडवणाऱ्या कारागिरांची. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ साली इथे रुग्णालय उघडलं. पुढे अथणी, जमखंडी, विजापूरपर्यंतचा मुलूख उपचारांसाठी मिरजेकडे बघायला लागला. इथल्या एका भूलतज्ज्ञ बाईंबरोबर मी काही दिवस फिरलो. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. सिस्टर, मामा, मावशी, सर्जन, सगळे त्यांना 'मॅडम'च म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. वय बावन्न. स्वतःचा दवाखाना नाही, दारावर पाटी नाही, केसपेपरवर छापलेलं नाव नाही. जे काही आहे ते गाडीच्या डिकीत.

डिकीतल्या बॅगेत लॅरिंगोस्कोप आणि त्याची तीन पाती, श्वासनलिकेत घालायच्या वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, हाताने दाबायची अँब्यू बॅग, स्टेथोस्कोप, औषधांचा कप्प्याकप्प्यांचा डबा आणि सेलची एक जोडी. सेल कशाला, तर लॅरिंगोस्कोपचा दिवा नेमका घशात पाहताना विझू नये म्हणून. "दवाखान्यात सगळं असतं हो," मॅडम म्हणाल्या, "पण असतं आणि चालतं यात फरक आहे." थिएटरमध्ये शिरल्यावर त्या पेशंटकडे वळण्याआधी तीन गोष्टी करतात. सक्शन चालू करून नळीला बोट लावतात, ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्ली फिरवून काटा बघतात, आणि जादा सिलिंडर कुठे आहे ते मामांना विचारतात. उत्तर पुरत नाही, तो डोळ्यांनी बघून येतात.

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांतल्या लहान रुग्णालयांना पगारी भूलतज्ज्ञ परवडत नाही. तीन-चार दिवसांत चार ऑपरेशनं असतील तर पूर्णवेळ माणूस ठेवणार कसा? त्यामुळे एक भूलतज्ज्ञ पाच-सात रुग्णालयांत वाटला जातो. सकाळी आठला हर्निया, दहाला पित्ताशय, दुपारी हाडांच्या डॉक्टरकडे मांडीचं हाड, संध्याकाळी आणखी काही. रात्रीचा भरवसा नाही, कारण बाळं घड्याळ बघून येत नाहीत. यादी आठची असते आणि सर्जनचा चाकू साडेनऊला लागतो. मधला दीड तास कुणाच्याच हिशेबात नसतो.

त्या दिवशी दहाला पित्ताशय होतं. अथणीकडच्या बाई, पंचेचाळिशीच्या.

"सकाळपासून काही खाल्लं का?"

"काही नाही."

"चहा?"

"फक्त चहा. आणि दोन बिस्किटं. ते काय खाणं झालं?"

कोरं पाणी पोटातून दोनेक तासांत पुढे सरकतं. दुधाचा चहा आणि बिस्किटं यांना सहा तास द्यावे लागतात. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते. पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात उतरतं, आणि जठरातलं आम्ल फुफ्फुसाला काय करतं याचं वर्णन न केलेलं बरं. मॅडमनी केस दुपारवर ढकलली. सर्जनसाहेबांच्या कपाळावर आठी आली. बोलले काही नाहीत, पण दुपारची त्यांची ओपीडी बुडणार हे सगळ्यांना कळलं.

या धंद्याची गाठ इथेच आहे. 'नाही' म्हणायचं ते काम देणाऱ्यालाच. भूलतज्ज्ञाला पेशंट फोन करत नाही, सर्जन करतो. चार वेळा केस पुढे ढकलली की पाचव्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. मॅडमनी उमेदीच्या काळात अशी दोन रुग्णालयं गमावली. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण दोन्हींच्या तारखा पाठ होत्या.

दुपारी तीनला बाई टेबलावर आल्या. तोंडावर मास्क धरून मॅडम त्यांना तीन मिनिटं निव्वळ ऑक्सिजन देत होत्या, आणि मोडक्या कन्नडात मुलांची चौकशी करत होत्या. मिरजेचा भूलतज्ज्ञ 'उसिरु तगोळ्ळी', म्हणजे श्वास घ्या, आणि 'कण्णु तेगीरी', म्हणजे डोळे उघडा, एवढं कन्नड शिकतोच. ही तीन मिनिटं पेशंटला उगाच वाटतात. पण नंतर श्वास थांबतो तेव्हा फुफ्फुसात साठवलेला हा प्राणवायूच शिदोरी असतो. निरोगी माणूस अशी शिदोरी बांधून घेतली तर सातआठ मिनिटं तग धरतो, न बांधता एकदीड मिनिट. गरोदर बाई किंवा लठ्ठ माणूस त्याहून बराच कमी. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेत गेलं, आणि अर्ध्या मिनिटात बाईंची पापणी हात लावला तरी हलेना. मग स्नायू सैल करणारं औषध. छातीची हालचाल थांबली. आता बाईंचा श्वास मॅडमच्या मुठीतल्या रबरी पिशवीत होता. नळी पडली, पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी कमान उमटली. म्हणजे नळी श्वासमार्गातच आहे, अन्ननलिकेत नाही. सर्जनसाहेब तोवर हात धुऊन आले होते.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या मधोमध हिरवी चादर टांगतात. जगभरच्या थिएटरांत तिला 'ब्लड-ब्रेन बॅरियर' म्हणतात. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला मेंदू. विनोद कोणत्या बाजूने निघाला ते सांगायला नको.

चादरीच्या या बाजूला नंतर तासभर काही घडलं नाही. निदान मला दिसलं नाही. ऐकू येत होता तो पल्स ऑक्सिमीटरचा टिं-टिं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली या यंत्रामागची कल्पना मांडली: बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तात प्राणवायू किती ते नाडीच्या ठोक्याठोक्याला मोजायचं. कोविडमध्ये ते घरोघरी पोचलं, पण घरच्या चिमट्यात एक गोष्ट सहसा नसते. थिएटरमधल्या यंत्राचा प्रत्येक ठोका सुरात असतो, आणि प्राणवायू घटला की सूर उतरतो. मॅडम पाठमोऱ्या होत्या, ट्रॉलीवर सिरिंजवर चिकटपट्टी लावून औषधाचं नाव लिहीत होत्या. मला तो टिं-टिं आधीसारखाच वाटत होता. त्या मात्र हातातलं पेन टाकून वळल्या. आकडा नव्याण्णववरून शहाण्णववर आला होता. स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला, मग उजव्या, पुन्हा डाव्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरल्यामुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला गेला होता आणि नळीचं टोक सरकून उजव्या फुफ्फुसाच्या वाटेला लागलं होतं. डावं फुफ्फुस उपाशी. मॅडमनी नळी सेंटीमीटरभर मागे घेतली, चिकटपट्टी नव्याने लावली. सूर चढला.

"काय झालं?" चादरीपलीकडून सर्जनसाहेब.

"काही नाही."

मिरजेत तंबोरा जुळवणारा कारागीर मणी केसभर सरकवतो तेव्हा शेजारी बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. तसंच हे. भूलतज्ज्ञाच्या उत्तम दिवसाचा अहवाल 'काही नाही' असा असतो, आणि 'काही नाही' घडवल्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही.

एकटक पहारा देणं माणसाच्या मेंदूला मानवत नाही. ब्रिटिश हवाईदलात रडारचा पडदा बघणारी माणसं शत्रूच्या खुणा का चुकवतात, हे नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने तपासलं. घड्याळाचा काटा टकटक पुढे सरकतो आणि अधूनमधून दुप्पट उडी मारतो. ती उडी दिसली की कळ दाबायची. १९४८ साली त्याने लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची नजर ढिली पडते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मुद्रेवर ब्रीद म्हणून एकच शब्द आहे, सतर्कता. शब्द कोरणं सोपं. मॅडमची युक्ती अशी की दर पाच मिनिटांनी त्या नाडी, रक्तदाब, प्राणवायू स्वतःच्या हाताने कागदावर लिहितात. यंत्र ते छापून देत असलं तरी. "लिहायला लागलं की बघावं लागतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

या विद्येची सुरुवातच भूलतज्ज्ञाच्या वाताहतीने झाली, हे फारसं सांगितलं जात नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन दाखवलं, तो दिवस आता जागतिक भूलदिन म्हणून साजरा होतो. त्याच्याआधी, १८४५ साली, त्याच गावात होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग केला होता. पेशंट ओरडला आणि वेल्सचं हसं झालं. तो त्यातून सावरला नाही. क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याला त्याचं व्यसन लागलं, नशेत त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांवर आम्ल फेकलं, आणि जानेवारी १८४८ मध्ये तुरुंगात आयुष्य संपवलं. वय ३३. लंडनच्या जॉन स्नोचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण कॉलऱ्यामुळे: १८५४ साली त्याने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला म्हणून. पोटापाण्यासाठी तो भूल देत असे, १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिलं. जगातल्या पहिल्या नावाजलेल्या भूलतज्ज्ञाला जग ओळखतं ते एका हातपंपामुळे. उशाशी बसणाऱ्यांचं नशीबच तसं दिसतं.

वेल्सचा धोका आजही टळलेला नाही. जी औषधं इतर डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ती भूलतज्ज्ञ स्वतः फोडतो, भरतो, टोचतो आणि उरलेली टाकूनही देतो. फेंटानिल मॉर्फिनच्या शंभरपट जोरकस असतं. कुठलं औषध किती वेळात कुठे नेतं हे या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि 'मला सांभाळता येईल' हा भ्रमही त्यालाच आधी होतो. अमेरिकेत १९७५ ते २००९ या काळात प्रशिक्षण सुरू केलेल्या सुमारे ४४,६०० निवासी भूलतज्ज्ञांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३८४ जण प्रशिक्षणातच व्यसनाच्या विळख्यात सापडलेले दिसले. त्यातले २८ प्रशिक्षण संपण्याआधीच गेले. आकडा लहान वाटेल, पण हे तिशीच्या आतबाहेरचे, गुणवत्ता यादीतले लोक होते. सहकाऱ्याला संशय आला तरी तो गप्प बसतो, कारण बोललं तर त्याचं करिअर संपेल असं वाटतं. न बोलता काय संपतं ते मग कळतं.

त्या मानाने भूलीच्या वायूंचा धोका आटोक्यात आला आहे. १९६७ साली सोव्हिएत युनियनमधल्या एका पाहणीत भूलतज्ज्ञ बायकांच्या ३१ गरोदरपणांपैकी १८ वेळा गर्भपात झाल्याचं पुढे आलं आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर थिएटरच्या हवेतला गळलेला वायू ओढून बाहेर टाकायची सोय मोठ्या रुग्णालयांतून झाली. लहान ठिकाणी आजही खिडकीवरचा पंखा हीच ती सोय. मॅडम दोन्ही बाळंतपणांच्या वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत अशा खोल्यांतून उभ्या होत्या. मुलं धडधाकट आहेत, पण ती नऊ-नऊ महिन्यांची धास्ती कोणत्या बिलात लावायची?

झोपेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली एक सोपा प्रयोग केला. चाळीस माणसांना एकदा रात्रभर जागवलं आणि एकदा थोडीथोडी दारू पाजली, दोन्ही वेळा हात आणि नजर यांचा मेळ मोजला. सतरा तास जागलेल्या माणसाची गत १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखी निघाली. चोवीस तासांनंतर ती १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीला गेली. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेली बाई रात्री अकराला सिझेरियनला निघाली, तर मोटार वाहन कायद्याच्या भाषेत ती केव्हाच 'प्यायलेली' आहे. फुंकर मारून हे कळत नाही, म्हणून कोणी अडवत नाही.

ब्रिटनमध्ये एक तरुण निवासी भूलतज्ज्ञ रात्रपाळी करून घरी जाताना गाडीत झोप लागून गेला. त्यानंतर तिथल्या प्रशिक्षणार्थींची देशभर पाहणी झाली, २०१७ मध्ये ती छापून आली. उत्तर देणाऱ्यांतल्या ५७ टक्क्यांनी सांगितलं की रात्रपाळीहून परतताना आपला अपघात झाला आहे किंवा थोडक्यात टळला आहे. मग संघटनांनी मोहीम उघडली आणि रुग्णालयांकडे झोपायला खोल्या मागितल्या. रात्रपाळीनंतर वीस मिनिटं आडवं होणं म्हणजे आळस हा समज मोडायला त्यांना छापील भित्तिपत्रकं लावावी लागली. आपल्याकडे निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारची १९९२ ची योजना आहे. सलग कामाची मर्यादा साधारण बारा तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस, असं तीत लिहिलेलं आहे. हे वाक्य मी एका सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला वाचून दाखवलं. तो छत्तीसाव्या तासात होता. हसला, आणि म्हणाला, पुन्हा वाचा. 'बाहेरून येणाऱ्या' भूलतज्ज्ञाला तर असं हसायलाही काही लिहिलेलं नाही. त्याचा मालक कोणी नाही, म्हणून त्याचे तासही कोणी मोजत नाही. तो स्वतःही मोजत नाही, कारण 'आज येत नाही' म्हटलं तर टेबलावर कोणीतरी कळा देत पडलेलं असतं.

मॅडमनी एक गोष्ट तिसऱ्या दिवशी सांगितली, विचारली नव्हती तरी. वीसएक वर्षांपूर्वीची. पहिलटकरीण होती, सिझेरियन. हातात हिरव्या बांगड्या, सासूबाई काढू देईनात, म्हणून सिस्टरनी त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. बाळ बाहेर आलं, रडलं. दोन मिनिटांनी आई श्वासासाठी तडफडली आणि गेली. गर्भजल रक्तात शिरलं की असं होतं. ते आधी ओळखता येत नाही, आणि हाती काही लागेपर्यंत उशीर झालेला असतो. चाळीस मिनिटं मॅडमनी आणि सर्जननी तिची छाती दाबली. पावणेपाचला थांबले. "आणि पाच वाजता मला दुसरीकडे हर्निया होता. फोन आला, मॅडम, पेशंट आत घेतलाय. मी गेले. दुसरं कोणी नव्हतंच. भूल नीट दिली. पण तो माणूस कोण होता, कसा दिसत होता, काही म्हणजे काही आठवत नाही. त्या मुलीच्या बांगड्यांवरची पट्टी आठवते. मी स्वतः एक कडा नीट चिकटवली होती."

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची एक पाहणी २०१२ साली छापून आली. उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के जणांच्या वाट्याला कारकिर्दीत कधी ना कधी असा अनपेक्षित मृत्यू किंवा गंभीर इजा आली होती. १९ टक्के म्हणाले, आम्ही त्यातून पूर्ण बाहेर आलोच नाही. ६७ टक्क्यांना वाटलं की पुढचे चार तास आपण धड काम करायच्या अवस्थेत नव्हतो. आणि त्या दिवशी सुट्टी मिळाली किती जणांना? ७ टक्के. मॅडमचा पाच वाजताचा हर्निया या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत आहे.

घाबरलेला मेंदू वेळ कसा मोजतो, त्याचं शिकवलं जाणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २००५ साली सायनसच्या किरकोळ ऑपरेशनसाठी गेलेल्या तरुण आईच्या घशात नळी पडेना. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते. ते प्रयत्न करत राहिले, पुन्हा पुन्हा. एक परिचारिका गळ्याला छेद द्यायचं साहित्य घेऊन उभी राहिली, तिचं कोणी ऐकलं नाही. वीसेक मिनिटं प्राणवायू तळाला होता. बाई पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचा नवरा, मार्टिन ब्रॉमिली, वैमानिक. त्याने कोणाला तुरुंगात पाठवा म्हटलं नाही. विमानात असं झालं असतं तर आम्ही काय शिकलो असतो, एवढंच विचारत तो डॉक्टरांपुढे बोलत राहिला. आज अवघड श्वासमार्गाच्या प्रशिक्षणात 'किती वेळ झाला ते एकाने मोठ्याने सांगायचं' असं शिकवतात.

आपल्याकडे अशा प्रसंगानंतर बहुधा दोन गोष्टी होतात: काचा फुटतात, नाहीतर नोटीस येते. काचांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. नोटिशीचा रस्ता १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणल्यापासून खुला आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ असला पाहिजे असं ठरवून थोडा आडोसा दिला. त्या खटल्याच्या मुळाशी काय होतं? प्राणवायूचा रिकामा सिलिंडर. मॅडम किल्ली फिरवून काटा बघतात त्यामागे असं बरंच काही आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ऑपरेशनचं पॅकेज ठरतं, त्यात भूलीचा भाग सर्जन किंवा रुग्णालय ठरवतं. सरकारी योजनांतलं असेल तर रुग्णालयाला पैसे येतील तेव्हा. मॅडमकडे एक लांबट वही आहे, उधारीची, किराणा दुकानात असते तशी. जुन्या काळी त्या बिलं पाठवत, त्यावर छापखान्याने सवयीने खाली 'चू. भू. द्या. घ्या.' टाकलं होतं. एका सर्जनने फोन करून विचारलं, भूल तुम्ही दिली, चूक कोणाची धरायची? मॅडमनी पुढच्या खेपेपासून ती ओळ काढून टाकली. विनोद आवडला नाही म्हणून नव्हे. म्हणाल्या, कोर्टात गेलं तर?

पेशंट मात्र एका कारणासाठी भूल देणाऱ्याची आठवण जन्मभर ठेवतो. "कमरेत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच." सिझेरियननंतरची कंबरदुखी बहुतेक वेळा गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांची, बाळ उचलण्याची, वाकून दूध पाजण्याची असते. स्पायनलची सुई अगदी बारीक असते. पण ही समजूत आई-मुलीच्या परंपरेने चालते, तिला संशोधन लागत नाही.

आधार काय आहे मग? एक कागद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायची यादी काढली. तिच्यामागे अतुल गवांदे होते, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या शेतकरी घरातून अमेरिकेला गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. यादीतला मला आवडणारा भाग म्हणजे छेद घेण्याआधी सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं. त्या एका मिनिटापुरता उशाशी बसलेल्याला नाव असतं.

दुसरा आधार व्हॉट्सअॅपवरचा. मिरज-सांगलीच्या भूलतज्ज्ञांच्या गटावर रात्री दोनलाही निरोप असतो, 'कोणी मोकळं आहे का? दोघांची गरज आहे.' कोणीतरी जातं, पैशाचा विषय निघत नाही. आणि १९४७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेची एक कुटुंब साहाय्य योजना आहे. सभासद गेला की बाकीच्यांनी वर्गणी काढून घरच्यांना द्यायची. मॅडम कधी कधी वर्षाअखेरीला ती यादी वाचतात. वयं वाचत जातात, असं त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

अथणीच्या बाई पावणेपाचला जाग्या झाल्या. "कण्णु तेगीरी," मॅडम कानाशी म्हणाल्या. बाईंनी डोळे उघडले, समोर हातमोजे काढणारे सर्जनसाहेब दिसले. "सुरू कधी करणार?" बाईंनी त्यांना विचारलं. सगळे हसले. मॅडम तोवर नळ्या धुवायला देऊन पुढच्या सिरिंजवर पट्टी चिकटवत होत्या.

रात्री पावणेबाराला फोन आला, जयसिंगपूरला सिझेरियन. मी त्यांच्याकडेच जेवायला थांबलो होतो. "येताय?" त्यांनी विचारलं. सकाळी साडेपाचपासून त्या उभ्या होत्या. मी मनातल्या मनात तास मोजले, अठरा झाले होते, मॅडमना सांगितलं नाही. अंकलीच्या अलीकडे त्यांनी चारही काचा खाली केल्या. पुलावर कृष्णेचा गार वारा आत आला.

"बोलत राहा," मॅडम म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हटलेत तरी चालेल. गप्प नका बसू."

मी एकोणिसाचा पाढा सुरू केला. एकोणीस सत्तेला अडखळलो, तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता आकडा सांगितला.